कापलेलं हसू

हे मी अजून कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आणि भाचीला तर नाहीच. खरं म्हणजे पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ अडखळते हो.

मी भोरची. लहानपणापासून महाभोचक. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत काय आहे हे विचारल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आई डोक्याला हात लावायची, "अगं, तुला काय करायचंय?" पुढं त्याच खोडीचा धंदा झाला. वीसेक वर्षं मी रेडिओसाठी मुलाखती घेतल्या. समोरचं माणूस बोलायला लागलं की माझा चहा गार झालाच म्हणून समजा.

माझी भाची पोलंडमध्ये शिकते. युद्धात घरदार सोडून तिकडं आलेल्या युक्रेनच्या बायकांसाठी पॉडकास्टची एक कार्यशाळा चालते, तिथं ती मदतीला जाते. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवरचा रेडिओच, हवा तेव्हा ऐकायचा. त्या बायकांना माईक धरायला शिकवतात आणि नव्या मुलखात त्या आपली कहाणी आपल्या तोंडानं सांगतात. मी भाचीला फोनवर भंडावून सोडायचे. काय सांगतात? कुठल्या भाषेत? रडतात का गं?

"मावशी, सगळ्या नाही रडत," ती म्हणाली. "एकीनं नव्या भाषेत टोमॅटो कसे विकत घेतले तेवढंच सांगितलं, तेही हसत हसत. आम्ही तसंच ठेवलं." आणि त्यांचा एक नियम होता. तयार झालेलं आधी त्या बाईला ऐकवायचं. ती हो म्हणाली तरच बाहेर जाऊ द्यायचं. हा नियम मी वहीत लिहून घेतला होता — खाली दोन रेघा मारून.

मला वाटलं, गाव सुटलेल्या बायका आपल्याकडं काय कमी आहेत? वेल्ह्याकडं धरणं झाली, गावं पाण्याखाली गेली, माणसं उचलून कुठं कुठं नेऊन बसवली. भोंगवलीच्या बाजूला माळावर अशीच एक वसाहत आहे. तिथल्या समाजमंदिरात मी दर बुधवारी दुपारी कार्यशाळा सुरू केली. आठ जणी यायच्या. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगायच्या आणि पंखा बंद. पंखा बंद केला की सगळ्या एका सुरात ओरडायच्या, "बाई, जीव घेताय का आमचा!"

त्यात अनसाआत्या होत्या. सत्तरी पार केलेल्या, काटकुळ्या, मिश्रीनं काळे झालेले चार दात. माईक हातात घ्यायला बाकीच्या लाजत होत्या. यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मलाच विचारलं, "ह्यात बोललेलं ऱ्हातं? कायमचं?" मी म्हटलं, कायमचं. मग त्या बोलल्या.

लग्न झालं आणि चार महिन्यांत नवरा गेला. भातखाचरात साप चावला. त्या दिवसापासून गावानं यांना पांढऱ्या पायाची ठरवलं. सकाळी गडीमाणसं कामाला निघाली की जाऊ ओरडायची, "अनसे, आत हो!" चांगल्या कामाला निघालेल्याला हिचं तोंड दिसायला नको. चौदा वर्षं रोज सकाळी त्या दाराआड उभ्या राहिल्या. मग धरण आलं. दीर-जावेला दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली. या मावसबहिणीच्या मागं इकडं आल्या, आणि इकडं यांच्या पायाचा रंग कुणालाच माहीत नव्हता! बालवाडीत खिचडी शिजवायचं काम मिळालं. सकाळी सकाळी अख्ख्या वसाहतीची पोरं यांच्याच अंगावर येऊन पडायची.

शेवटी त्या म्हणाल्या — शब्द मला पाठ आहेत — "गाव सोडलं त्या दिशी समदी रडत व्हती. म्या बी —" इथं त्यांचा श्वास अडकला. हुंदका येतो तसा. आणि मग त्या हसल्या. खुदूखुदू, तोंडाला पदर लावून, अकरा सेकंद. "म्या बी पदर लावला डोळ्याला. पर खरं सांगू? आतनं लई ग्वाड वाटत व्हतं. त्या दिशी म्या पोटभर जेवले, बाई. लई वर्सांनी."

बायकाही हसल्या. आत्यांनी माईक खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे कुणाला बोलले नव्हते. ठेवा बरं का." मी म्हटलं, ठेवणार.

आता सांगायचं ते हे. मी ते ठेवलं नाही.

का? इतके दिवस मी स्वतःला कारणं सांगत आलेय. वेळ जास्त होत होता. गावची इतर माणसं दुखावली असती. सगळं खोटं. भोरला आम्ही ऐकवण्याचा कार्यक्रम ठेवला होता, पुण्याहून पाहुणे यायचे होते. आणि मला माहीत होतं लोक काय ऐकायला येतात — धरणात गाव गेलेल्या म्हातारीचं रडणं. मलाही तेच हवं होतं. कॉम्प्युटरवर "म्या बी —" आणि तो अडकलेला श्वास एवढंच ठेवून मी पुढचं कापलं. पुढं चार सेकंद शांतता घातली. लावून पाहिलं, तर हुबेहूब हुंदका. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हो! आणि मी स्वतःवर खूश झाले.

आत्यांना आधी ऐकवायचं होतं. वेळही होता, चांगले तीन दिवस. मी गेले नाही.

कार्यक्रमात सभागृह रडलं. आत्या दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी आधी स्पीकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या, पाहुण्यांनी पाय धरले, आणि मी दुसऱ्या टोकाला जाऊन खुर्च्या आवरायला लागले. खुर्च्या आवरायला माणसं होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं. पण ती फीत व्हॉट्सअॅपवर फिरली आणि दिराच्या मुलांपर्यंत पोचली. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं. गावची विखुरलेली माणसं तिथं जमतात, देवाला नारळ फोडतात. आत्या इतक्या वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. पुतण्यांना वाटलं, काकू गावासाठी झुरतेय आणि आपल्याला पत्ता नाही. जीप घेऊन न्यायला येतो म्हणाले. प्रेमानंच म्हणाले, त्यात खोट नाही.

आत्यांनी मला फोन केला.

"बाई, त्यात म्या रडतीया. म्या रडले व्हते का वो? मला तर हसल्याचं याद हाय."

आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले मी. मला पहिल्यांदा कुणीतरी खराखुरा प्रश्न विचारला होता. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. आत्या, तुम्ही हसलात, मी कापलं. मूळ आवाज समोरच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

मी म्हटलं, "हो आत्या, रडलात की शेवटी. भरून आलं होतं तुम्हाला."

 त्या म्हणाल्या, "असंल बाई. वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई." आणि त्यांनी फोन ठेवला.

मे महिन्यात त्या पुतण्यांच्या जीपमधून देवळाला गेल्या. नंतर त्यांचा पुतण्या मला भोरच्या स्टँडवर भेटला. आभार मानत होता, तुमच्यामुळं काकू परत गावात आली म्हणून. मी — खोड जाते का? — विचारलं, मग देवळात काय काय झालं? तो कौतुकानं म्हणाला, "काकू लई समजूतदार. नारळ फोडायच्या टायमाला कुणी सांगायच्या आधी आपनहून मागं झाली. पार शेवटाला, भिताडाच्या आड हुबी ऱ्हायली."

मी त्याला चहा पाजला. 

गेल्या महिन्यात वसाहतीत नवी कार्यशाळा सुरू केली. नव्या बायका बुजत होत्या, म्हणून मी आत्यांनाच पहिल्यांदा बोलायला सांगितलं. गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, सगळ्या ओरडल्या. आत्यांनी माईक तोंडाशी धरला. या वेळी उलटासुलटा करून पाहिला नाही.

"गाव सोडलं त्या दिशी समदी रडत व्हती," त्या म्हणाल्या. "म्या बी लई रडले. बाईंकडं हाय ते, मशिनीत. त्या दिशी घास उतरला न्हाई माज्या नरड्याखाली."

बायकांनी डोळे पुसले. 'बरोबर बोलले ना?' अशा नजरेनं आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हटलं, "छान झालं आत्या," आणि रेकॉर्डिंग बंद करून पंखा लावला.