सूनबाईची चष्म्यातली गाडी आणि आमचा ओरडणारा पोरगा

बायांनो, आज डोकंच फिरलं माझं! सूनबाईला गाडी चालवायची लय भीती, म्हणून गंगापूर रोडला भीती घालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तिथं डोळ्यांवर मोठा चष्मा चढवतात, त्यात अगदी खरा रस्ता दिसतो. मलापण घालून बघायचा होता, राहूनच गेलं.

सूनबाई खुर्चीत बसून झकास चालवत होती. आमचा पोरगा शेजारी टीव्हीवर तेच बघत होता. लागला ओरडायला, "अगं ब्रेक! ट्रक आला ना!" हिनं पुलाच्या तोंडाशीच गाडी थांबवली.

"मेल्या, खुर्चीला ट्रक धडकतो का? हो बाहेर!" मी त्याला दटावलं.

तो बाहेर गेला आणि हिनं सगळा पूल पार केला!

येताना त्याला रिक्षानं धाडलं, आमच्या गाडीत पुढं हिच्या शेजारी मी बसले. घरी इंदिरानगरपर्यंत हिनंच आणली गाडी. मी नुसती हसत होते.

तुमच्याकडं हाय का असा ओरडणारा? त्याला कुठं बसवता?