चूक माझी, पुढं बोला

काही बिघडलं की आमचा शेजारी फौजी आधी म्हणायचा, "चूक माझी. पुढं बोला." पलटणीत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस. चूक कुणाची ते शोधत बसायचा नाही, सरळ पाना घ्यायचा.

पेट्रोल महागलं तेव्हा रहिमतपुरात त्याची इंग्रजाच्या काळातली मोटार दारातच उभी राहिली. कोंबड्या आत अंडी घालायच्या. फौजीनं इंजिन उपटलं, मिरजेच्या भंगारातनं विजेची मोटर आणून बसवली, पुढं-मागं ट्रकच्या दहा बॅटऱ्या.

मी म्हणालो, "गाडीची टॉर्च केलीस व्हय रं?"

"व्हय. बस आत, तुज्या डोक्यात उजेड पडंल."

आणि गाडी चालली की. चार्ज केली की साताऱ्यापर्यंत जायची, आवाज नाही, धूर नाही.

बॅटरीत तो विकतचं शुद्ध पाणी औषधासारखं मोजून घालायचा. मला ते नखरे वाटायचे. बायकोचे दिवस भरत आले होते. आधीची दोन पोरं बैलगाडीत, वाटेतच गेलेली. फौजी म्हणाला होता, "वयनीला साताऱ्याला मी न्हेतो." गाडीला बळ यावं म्हणून मी माहुलीच्या संगमाचं तीर्थ कळशीनं आणलं आणि गुपचूप दहाही बॅटऱ्यांत काठोकाठ ओतलं, आतलं ॲसिड उतू जाईस्तोवर.

पुढच्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. माहुलीचा पूल ओलांडला आणि गाडी बसली. फौजीनं झाकणं उघडली. आत गढूळ पाणी. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"काय झालं वं, भावजी?" बायको कण्हत म्हणाली.

"चूक माझी, वयनी. तार ढिली ऱ्हायली."

त्यानं उसाचा ट्रॅक्टर अडवला, दोर बांधला. दवाखान्यात पोचलो. पोरगी रडली, तसा मी पायरीवरच बसलो.

बॅटऱ्या गेल्या. गाव त्याला जन्मभर 'ढिली तार' म्हणून चिडवत होतं, तो हसायचा. मी गप्प. गप्पच त्याला खांदा दिला.

यंदा बायको गेली. जायच्या आधी तिला सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "कळशी माजीच न्हेली व्हतीसा. त्या तेजाबाचं डाग मीच घासलं न्हवं."

"मग बोलली न्हाईस कदी?"

"भावजी बोललं न्हाईत. मी कशाला बोलू?"

आता घरात एकटाच असतो. दूध उतू गेलं तरी मोठ्यानं म्हणतो, चूक माझी. पुढं बोलायला कुणी नाही. पण हलकं वाटतं.