डावऱ्याची काठी

आमचे हे शिंपी आहेत असं लग्न ठरताना सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नाही. दुकानाच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे, इस्त्रीचं टेबल आहे, लांबी कमी करायला आणून टाकलेल्या विजारींचा ढीग आहे. पण मागच्या खोलीत जाऊन बघा. भिंतीभर मासेमारीच्या काठ्या, खोक्यांत रिळं, आणि खुंटीला छातीपर्यंत येणारी रबरी विजार अशी लटकलेली, की नवखा माणूस दचकतोच. हे सगळं सामान जुनं, वापरलेलं. नदीवर जाणाऱ्यांपैकी कुणाचे गुडघे गेले, कुणाची बायको वैतागली, की सामान मास्तरांकडे येतं. सगळे यांना मास्तरच म्हणतात, आता मीही म्हणते. मास्तर ते सामान नीट करतात आणि नदीवरच्याच दुसऱ्या कुणाला तरी विकतात.

यांचा गळ साधासुधा नसतो. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब दोरीने ती पाण्यावर अलगद टेकवायची, मासा फसला की त्याला हातात धरून डोळे भरून बघायचं आणि परत सोडून द्यायचं. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी विचारलं होतं, मग खायचं काय? हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी यांच्या आईला काही बोलले.

विकण्याची यांची एक रीत आहे. जुन्या सामानाचे दोष आधी सांगायचे, गुण विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. कुठे तडा आहे, कुठे दोरा सुटलाय, सगळं. मग गिऱ्हाइकाला घेऊन मागच्या गवतावर जायचं, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि म्हणायचं, फेकून दाखव. हात बघितल्याशिवाय हे काठी देत नाहीत. एका दंतवैद्याला यांनी सरळ सांगितलं होतं की ही काठी तुम्हाला जड जाईल, दुसरी बघा. तो बिचारा दातांचा डॉक्टर, त्याला असं तोंडावर ऐकून घ्यायची सवय नव्हती. पण हलकी काठी घेऊन गेला आणि अजून येतो.

एवढे सरळ मास्तर. फक्त एका काठीपाशी आले की खोटं बोलायचे.

ती काठी डावऱ्याची. हे त्याला डावऱ्या म्हणतात, मी भावजी म्हणते. यांचा नदीवरचा जोडीदार. दोघं पोरं असल्यापासून बरोबर, एक उजव्या हाताने फेकणार, एक डाव्या, त्यामुळे शेजारी उभे राहिले तरी दोऱ्या कधी गुंतायच्या नाहीत. भावजींची बायको गेली, तसं लेकीने त्यांना समुद्रापलीकडे आपल्याकडे नेलं. जाताना काठी आमच्याकडे ठेवली. म्हणाले, "चांगलं गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक." आणि त्याच दमात म्हणाले, "थोड्या दिवसांत येतोच मी." आता यातलं काय ऐकायचं? मास्तरांनी दुसरं ऐकलं.

थोडे दिवस म्हणता म्हणता चार वर्षं झाली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तब्येत, लेक, नातू, हवा, आणि शेवटी एकच प्रश्न, "विकली का?"

"नाही रे, गिऱ्हाईकच नाही."

गिऱ्हाईक नाही कसं? मी काय आंधळी आहे? त्या काठीला हात लावायला माणसं यायची. तिची बुचाची मूठ डाव्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली, आणि रीळही डावखुऱ्यासाठी बसवलेलं, फिरवायची कळ उजवीकडे. कुणी विचारलं की मास्तर कपाळाला आठ्या घालून सांगायचे, "ही डावखुऱ्याची आहे, तुमच्या कामाची नाही." अहो, रीळ उघडून कळ दुसऱ्या बाजूला घ्यायची आणि दोरी उलटी भरायची, चहा निवायच्या आत होणारं काम. दुसऱ्या काठ्यांचं हेच काम मास्तर बोलता बोलता करून द्यायचे. इथे मात्र यांचे हात जड व्हायचे. दंतवैद्य तर हट्टालाच पेटला होता. त्याला यांनी टोकाला बारीक तडा आहे म्हणून सांगितलं. कसला तडा नि कसलं काय. मी आतून ऐकत होते, मला हसू आवरेना.

संध्याकाळी मी म्हटलं, "विकायची नाही तर उतरवून कपाटात ठेवा. लोकांना कशाला खोटं सांगताय?"

"कपाटात कशाला? तो आला की लागेल ना."

भिंतीवर काठी आहे तोवर डावऱ्या येणार, असं यांनी मनाशी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटायचं. भावजी लेकीकडे गेल्यापासून हे नदीवर एकटे जायचे आणि लवकर परत यायचे. आल्यावर रबरी विजार वाळत घालायची, आणि बसायचं मशीनवर. आधी दोघं येऊन स्वयंपाकघरात तासभर एकमेकांना खोटं पाडायचे, मासा एवढा होता, नाही तेवढा होता. त्या वेळी मी वैतागायचे. आता तो गोंगाट आठवला की घर रिकामं वाटतं.

मग ती बसवाली आली. सिटी बस चालवते, ड्युटी संपवून गणवेशातच आलेली. सगळ्या काठ्या बघत बघत ती भिंतीच्या टोकाशी थांबली आणि डाव्या हाताने भावजींची काठी उतरवली. मी बटणं लावत होते, माझी सुई जागच्या जागी राहिली. तिचा अंगठा मुठीच्या त्या झिजलेल्या जागी बरोब्बर बसला.

"ही डावखुऱ्याची आहे," मास्तर सवयीने म्हणाले.

"म्हणूनच उतरवली," ती म्हणाली. "मला सगळीकडे उलटंच सामान मिळतं."

आता मास्तर तड्याची गोष्ट सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तिने काठीला इतकं जपून हात लावला होता, की यांना खोटं बोलवलं नाही. निमूट लाल लोकर बांधली आणि तिला गवतावर घेऊन गेले. मीही दारात जाऊन उभी राहिले.

तिने दोरी मागे टाकली. ती पूर्ण लांब झाली, आणि ही पोरगी थांबली. लगेच पुढे नाही फेकली. भावजी असेच थांबायचे, एक श्वास जास्त. मास्तर त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवायचे, की डावऱ्या, झोपलास की काय. मग दोरी पुढे गेली आणि लोकरीचा तुकडा गवतावर टेकला. मास्तर त्या तुकड्याकडे बघतच नव्हते. तिच्या खांद्याकडे बघत होते.

"अजून एकदा," ते म्हणाले. तिने फेकली. "अजून एकदा." चौथ्या वेळेला ती हसली, "मास्तर, पास की नापास?"

"घेऊन जा," हे म्हणाले, आणि आत निघून गेले. पैसे मीच घेतले.

रविवारची वाट न बघता यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. यांना कानाला फोन धरून उभं राहवेना, म्हणून टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"डावऱ्या, काठी विकली."



"कुणाला?"

"एक मुलगी आहे, बस चालवते. डावखुरी."

"फेक कशी आहे?"

"तुझ्यासारखी. मागे थांबते."

"किती थांबते?"

"तू थांबायचास तेवढी. मी चार वेळा फेकायला लावलं तिला." मास्तरांनी फोन जवळ ओढला. "मी आधी कुणाला दिली नव्हती रे. गिऱ्हाइकं येत होती. मीच परत पाठवत होतो. तू येशील म्हणून."

"मला माहीत होतं," भावजी म्हणाले. "तू नाही म्हणालास की वाटायचं, अजून तिकडे माझं काहीतरी आहे. म्हणून तर विचारत होतो."

मास्तर टेबलाची कड धरून बसले. चेहरा असा पडला, की मीच फोन बंद करावा असं वाटायला लागलं. तेवढ्यात भावजी म्हणाले, "ऐक. तिला सांग, जुन्या पंपघराच्या खाली पाणी दोन धारांना फुटतं. डाव्या धारेत झाडाचा बुंधा बुडालाय. त्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि माशी बुंध्याच्या अलीकडे सोडायची. मोठा तिथे असतो."

हे लोक एकमेकांना घराची किल्ली देतील, पण आपली मासा लागायची जागा सांगणार नाहीत. भावजींनी ती यांनाही कधी सांगितली नव्हती, आणि यांनीही कधी विचारली नव्हती. जागा सांगून टाकली म्हणजे माणूस तिथे पुन्हा उभा राहणार नाही. मास्तरांना ते कळलं आणि मलाही कळलं.

"मला कशाला सांगतोस?" हे म्हणाले. "तू ये आणि दाखव तिला."

"माझा खांदा गेला, मास्तर. वर्ष होत आलं. चहाचा कप उचलतो, तेवढंच. मी आता नाही येत."

मास्तर रडले. मी यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. पलीकडे भावजींनी फोन ठेवला नाही, आणि आम्हीही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी बसवालीला फोन केला. पंपघर, दोन धारा, बुंधा, सगळं भावजींनी सांगितलं तसं शब्दन् शब्द सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही या ना बरोबर, दाखवा."

"मी तिथे कधी गेलो नाही. ती माझ्या मित्राची जागा आहे," मास्तर म्हणाले. "पण मासा लागला की तिथूनच मला फोन कर. वेळ कुठलीही असू दे. मला पुढे एकाला कळवायचं आहे."