फाटकापासून बोलत ये

जाधव सरांकडे शंका घेऊन गेलं की ते आधी खिडकीबाहेर बोट दाखवत. "त्या फाटकापाशी जा. तिथून बोलत बोलत आत ये." महाडच्या आमच्या कॉलेजचं फाटक वर्गापासून चांगलं शंभर पावलांवर होतं. व्हरांड्यातली पोरं ओरडत, "आली गो, अनंतावरून आली!"

विद्युत विभव, म्हणजे इलेक्ट्रिक पोटेन्शियल, काढायला शिकवण्याची ही सरांची रीत. फाटक म्हणजे अनंत, तिथे विभव शून्य. वर्गाची पायरी म्हणजे प्रभारित गोलाचा पृष्ठभाग आणि फळ्यापुढची खुर्ची म्हणजे मध्य. पायरीपर्यंत एक नियम मोठ्याने बोलायचा, पायरी ओलांडली की दुसरा. मधलं काही गाळलेलं सरांना खपत नसे. ते स्वतः रोज पोलादपूरहून एसटीने येत. म्हणत, "माझी गाडी मधली गावं उडी मारून येते काय रे?"

मी वरंधची. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षी विद्युतशास्त्राच्या पेपरात नापास झाले, तेव्हा माझे वडील, आबा, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अजून एकदा बस. नाय झालं तर भावासंगं मुंबईला. पॅकिंगचं काम बघून ठेवलंय त्यानं."

सरांनी मला फळ्यावर तोच नडलेला प्रश्न दिला. गोलातला प्रभार सगळीकडे सारखा नव्हता, मध्याकडून बाहेर वाढत जाणारा होता. मी प्रत्येक ठिकाणी फक्त आतला प्रभार धरला आणि मध्यावर विभव शून्य लिहिलं.

"बाहेरचे थर कुठे गेले?"

"त्यांचा आत जोर लागत नाही ना सर. तुम्हीच सांगितलंत."

"जोर नाही लागत. पण वरंध्याचा घाट चढून माथ्यावर गेलीस, तिथे सपाटी लागली, म्हणून तू महाडाएवढ्याच उंचीवर आहेस का? चढून आलीस ते कुठे गेलं?"

घाट माझ्या दारातून चढतो, आणि हे मला सरांनी सांगावं!

"मध्यावर शून्य नाही, तिथेच सगळ्यात जास्त. जा फाटकाशी."

महिनाभर रोज दुपारी मी फाटकापासून वर्गापर्यंत बोलत चालले. सर खिडकीत डबा खात ऐकत. चुकले की भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणत, "परत." रखवालदारालाही ते गणित पाठ झालं होतं. पास झाले त्या दिवशी आबांनी सरांसाठी फणस पाठवला. सर म्हणाले, "फणस ठीक आहे. पण हा गोल तू ज्या दिवशी पहिल्यांदा शिकवशील, त्या दिवशी घरी येऊन सांग. पोरं कुठे चुकली ते मला ऐकायचंय."

मी एमएस्सी झाले आणि यंदा त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. सर निवृत्त होऊन पोलादपूरला घरीच असत. फोनवर आवाज खोल गेलेला, तरी पहिला प्रश्न तोच, "आला का गोल?"

गेल्या महिन्यात आला. पहिल्या बाकावरच्या मुलीने मध्यावर शून्य लिहिलं. मला हसू आलं आणि तिला फाटकाशी पाठवलं. रविवारी सरांना सांगायला जायचं ठरवलं. रविवारी परीक्षेची ड्युटी लागली. म्हटलं, पुढच्या रविवारी. पोलादपूर काय, अर्ध्या तासाची वाट. बुधवारी सकाळी काकूंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला.

सरांच्या अंगणालाही लाकडी फाटक आहे. आत माणसं बसली होती, ओटीवर सरांना ठेवलं होतं. फाटकाला हात लावून मी तिथेच उभी राहिले. मला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती मी पुढच्या रविवारवर ढकलली होती.

काकूंनी मला पाहिलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तिथंच का थांबलीस गो? बोलत ये. रोज विचारीत व्हते, ती आली नाय का म्हणून."

मी फाटक ढकललं. "सर, अनंतावर विभव शून्य," म्हटलं. माणसं वळून बघू लागली. पायरीशी नियम बदलला, तोही मोठ्याने बोलले. ओटीवर त्यांच्या उशाशी बसले तेव्हा सांगितलं, "पोरगी तिथेच चुकली सर. माझ्यासारखीच."

मग थांबले. ते 'परत' म्हणतील, असं वाटत राहिलं.