आठवाली एनिड हॅस्केल

एनिड हॅस्केल मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा म्हणेल, म्हातारीबद्दल लिहितोय म्हणजे शेवटी डोळ्यांतून पाणी काढणार. नाही काढणार.

ती एक्याऐंशी वर्षांची आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, आमच्या टॅनर्स कोव्ह गावात, तिच्या सासऱ्याचा होड्या बांधायचा कारखाना होता. नवरा एमॉस गेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती, तिची जुनी हिरवी मोटार आणि सेंट कोलंबा चर्च, एवढाच संसार. चर्चच्या वेदी मंडळाची ती प्रमुख. म्हणजे वेदीवरचं कापड, चांदीचा प्याला, मेणबत्त्या, प्रभुभोजनाचा पाव, सगळं तिच्या ताब्यात. एकतीस वर्षं. एका नव्या बाईने एकदा कापडाची घडी तीनपदरीऐवजी चारपदरी घातली. एनिडने ती तिच्यासमोर उलगडली, पुन्हा इस्त्री केली, पुन्हा घातली. ती बाई आता मेथडिस्ट चर्चमध्ये जाते.

सेंट कोलंबात दोन जाती आहेत, आठवाले आणि दहावाले. आठच्या उपासनेला पंधरा माणसं, जुन्या वळणाची भाषा, गाणं नाही, कोणी कोणाकडे बघायचं नाही. दहाला पेटी, गायनवृंद, मुलं, कॉफी आणि गप्पा. वर्षभर आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नाही आणि सुखात असतो. पण जूनपासून सप्टेंबर लागेपर्यंत दोन्ही मोडून नऊची एकच उपासना असते. मग दोन्ही जाती एका बाकावर येतात आणि ख्रिस्ताच्या प्रेमाची खरी परीक्षा सुरू होते.

मी दहावाला. रोलंड लेव्हासर, अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. जन्माने कॅथलिक. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, ते कॅथलिक चर्च मानत नाही; तिकडे प्रभुभोजन बंद झालं, म्हणून इकडे आलो. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी एनिडच्या मागच्या बाकावर बसलो होतो. उपासनेच्या मध्यावर सगळे वळून एकमेकांना हात देतात, "प्रभूची शांती असो" म्हणतात. आठवाल्यांना हे अजिबात खपत नाही. मी हात पुढे केला. ती वळली, समोर उभी राहिली, आणि मग पर्स उघडून पेपरमिंटची गोळी शोधायला लागली. माझा हात तसाच हवेत. अख्ख्या चर्चने पाहिला. त्या दिवसापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

या मे महिन्यात आमच्या धर्मगुरू मदर फिलिपा क्रेन यांनी जाहीर केलं, "नऊची उपासना यंदा बरी चालली, तर सप्टेंबरपासून दहाची एकच ठेवू. आठची बंद. ऑगस्टमध्ये कार्यकारिणी मत घेईल."

एनिड उभी राहिली. "मिस क्रेन," ती म्हणाली, कारण बाई धर्मगुरू तिला मान्यच नाही, 'मदर' ती म्हणत नाही, "आठची उपासना माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. तुम्ही इथे तीन वर्षं आहात. बागेतल्या खुर्च्यासुद्धा त्याहून जास्त टिकतात."

मी कार्यकारिणीत आहे. मी मनात म्हटलं, बाई, आता बघच.

उन्हाळ्यात नऊची उपासना आम्ही चर्चमागच्या हिरवळीवर करतो आणि ती संपली की तिथेच गावजेवण. शाळा बंद म्हणजे मुलांचं शाळेतलं जेवण बंद. गावाला रोजगार देणारा मासळीचा कारखाना तर केव्हाच बंद. जो येईल त्याला हॉटडॉग, घेवड्याची उसळ, बटाट्याचं सॅलड, ब्लूबेरीचा केक. शेगडी माझ्याकडे. एनिड दर रविवारी ऐकू जाईल असं बोलायची.

"प्रार्थनेला तीस आणि पंगतीला साठ! चर्च आहे की खानावळ?"

"येशूनेही पाच हजार जेवू घातले, मिसेस हॅस्केल."

"त्यांनी आधी प्रवचन ऐकलं होतं, मिस्टर लेव्हासर."

पाहुण्यांनी मागच्या फाटकाने यावं अशी तिने लेखी मागणीही केली होती. हे वांडा बीलला कळलं. वांडा घरी बसून खेकड्यांचं मांस सोलून विकते, दोन नातवंडांना सांभाळते, आणि तिला तोंड आहे. दुसऱ्या रविवारी ती मुद्दाम पुढच्या दाराने आली, वेदीसमोरून चालत मागच्या दाराने हिरवळीवर उतरली आणि एनिडला म्हणाली, "गालिचा झाडायला झालाय, बाई."

जुलैच्या तिसऱ्या रविवारी ते घडलं.

हिरवळीवरच्या उपासनेला घरी भाजलेला गोल पाव असतो, वरच्या कडेला सुरीने क्रूस कापलेला. प्रार्थना म्हटल्यावर तो साधा पाव राहत नाही, प्रभूचं शरीर होतो. उरलेला तुकडा पांढऱ्या रुमालात गुंडाळून आत न्यायचा आणि वेदी मंडळाने कणही न ठेवता खायचा, हा नियम. त्या दिवशी मी गाढवासारखा माझा जेवणाचा पावही पांढऱ्या रुमालात गुंडाळून त्याच टेबलावर ठेवला होता. एनिड आली, एक पुरचुंडी उचलली आणि आत गेली.

दहा मिनिटांनी मी पाहिलं, तर वांडा एका पावाच्या जाड कापावर हॉटडॉग ठेवून वर मोहरीची चटणी पिळत होती. पावाच्या कडेला अर्धा क्रूस होता. टेबलावरच्या तीन-चार जणांच्या ताटांत त्याचेच तुकडे.

मी एनिडला बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. मदर फिलिपांना हळूच बोलावू शकलो असतो. पण हात हवेत राहिलेला माणूस होतो मी. एनिड दारात दिसताच मी साठ माणसांत ओरडलो, "मिसेस हॅस्केल! आत जाऊन काय खाल्लंत? बेकरीचा पाव? इकडे बघा, प्रभूला मोहरी लावलीये तुम्ही!"

आधी कोणीतरी हसलं. मग मदर फिलिपांचा चेहरा पाहून त्याने हातातलं ताट खाली ठेवलं.

एनिड टेबलापाशी आली. तिने पावाकडे पाहिलं नाही. बोटांनी कड चाचपली, कापलेला क्रूस लागला, आणि ती पांढरीफटक पडली.

"कोणी उठायचं नाही," ती म्हणाली. "हे सगळं इथेच संपवायचं. मोहरीसकट. तुम्ही पण, बाई. टाकायचं काही नाही."

"मी कुठे टाकतेय?" वांडा तोंडात घास धरून म्हणाली. "छान झालाय."

सगळे खात राहिले. एनिडही तिथेच बसून त्यांच्या ताटातलं खाऊ लागली. मागच्या फाटकाने या म्हणणारी बाई. मग ती खाली गवतावर गुडघ्यांवर बसली, सांडलेले कण शोधायला, आणि तळहाताने गवत चाचपू लागली. कण तिच्या डाव्या हाताला, पिवळे, स्पष्ट दिसत होते. ती उजवीकडे शोधत होती. वाकून, नाक गवताला लावून, उजवीकडेच.

तेव्हा सगळ्यांना कळलं. तिला दिसत नव्हतं. कडेकडेचं थोडं दिसायचं, समोरचं काहीच नाही. आठची उपासना तिला पाठ होती, शब्दन् शब्द; तिथे कागद लागत नसे. नऊला दर रविवारी वेगळा छापील कागद हातात येई आणि ती तो धरून नुसते ओठ हलवत असे. आठची गेली तर तिला सगळ्यांसमोर मुकं बसावं लागणार होतं. म्हणून ती भांडत होती, आणि मला वाटत होतं ती माझ्याशी भांडतेय. आणि ही बाई अजून मोटार चालवत होती! आमच्या गल्लीतल्या तीन टपालपेट्या कोणी आडव्या केल्या, तेही त्याच दिवशी समजलं.

वांडा खाली बसली. "सरका. दिवसभर खेकड्यातल्या कवचाच्या कपच्या वेचते मी, हे काय आहे." ती एकेक कण उचलून एनिडच्या तळहातावर ठेवत गेली आणि एनिड खात गेली. मी चिमटा हातात धरून उभा होतो. शेगडीवर सगळं करपलं.

मला लाज वाटली. तीन दिवसांनी मी माफी मागायला तिच्या घरी गेलो. ती जाळीच्या दारातूनच बोलली. वेदी मंडळ तिने सोडलं होतं, मोटारीची किल्ली पुतण्याने नेली होती.

"वाईट वाटलं मला, मिसेस हॅस्केल."

"ज्याला दया दाखवायची हौस असेल त्याने कुत्रा पाळावा," ती म्हणाली आणि आतलं लाकडी दारही लावलं.

ऑगस्टच्या बैठकीत आठची उपासना बंद करावी यासाठी पाच हात वर झाले, ठेवावी यासाठी चार. पाचवा हात माझा होता. कुत्र्याचं वाक्य कानात होतं. दुसरं कारण दिलं तर ते खोटं ठरेल.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी मी नऊच्या उपासनेच्या सवयीने कॉफीचं भांडं लावायला पावणेआठला गेलो. पायरीवर एनिड बसली होती, पांढरे हातमोजे घालून. शेजारी वांडा. फाटकापाशी वांडाचा गंजका ट्रक.

"कोण आहे?" एनिडने विचारलं.

"तोच," वांडा म्हणाली. "ओरडणारा."

"किल्ली आहे ना? उघडा. सकाळची प्रार्थना म्हणायला धर्मगुरू लागत नाही, आणि कार्यकारिणीची परवानगी तर मुळीच नाही."

मी उघडलं. ती चाचपत तिसऱ्या बाकावर गेली, एमॉसच्या जागेशेजारी, आणि सुरुवात केली. सगळं पाठ. आवाज सुरीसारखा, कुठे अडखळणं नाही. मग थांबली.

"स्तोत्र रोज बदलतं. ते वाचावं लागतं."

"मी चष्मा आणला नाही," वांडा म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वाचलं. प्रार्थना संपल्यावर वांडा ट्रक सुरू करायला गेली. दीड महिना मनात घोळत होतं ते मी विचारून टाकलं. उत्तर मला माहीत होतं, अशी माझी खात्री होती. त्यावरच मी तिला माफ करायला निघालो होतो.

"चार वर्षांपूर्वी मी शांतीसाठी हात पुढे केला होता. तेव्हाच दिसेनासं झालं होतं ना तुम्हाला?"

ती बाकाच्या कडेला धरून उठली.

"तेव्हा मला बंदरातल्या होडीवरची अक्षरं वाचता येत होती, रोलंड. तुझा हात चांगला दिसला. अंगठ्याच्या नखाखाली ग्रीस होतं. मला माझा द्यायचा नव्हता." तिने हातमोजे नीट ओढले. "पुढच्या रविवारी वेळेवर उघड. आणि स्तोत्र स्पष्ट वाच, तोंडात घास असल्यासारखं नको."