पुढचं वाक्य आबाजींचं

टीव्हीतली बाई तोंड उघडायच्या आत आमचे प्राम्टर आबाजी तिचं वाक्य बोलून मोकळे व्हायचे. ओसरीच्या खांबाला पाठ टेकून, डोळे मिटून, आवाज दाबून, फक्त तिलाच ऐकू जावं अशा बेतानं ते कुजबुजायचे, "आता मी या घरात पाऊल ठेवणार नाही." की लगेच मालिकेतली बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आता मी या घरात पाऊल ठेवणार नाही." मी गोंदिया शहरातून सून होऊन केशोरीजवळच्या त्या गावात नुकती आले होते. आधी वाटलं, यांनी हा भाग रात्री पाहिला असणार. पण रात्री तर लोडशेडिंग. अख्खं गाव कालचा भाग आज दुपारी दोनला बघायचं. मग यांना कळतं कसं? शेवटी न राहवून विचारलंच. आबाजी म्हणाले, "सोपं हाय, सूनबाई. जे वाक्य बोलू नये असं वाटते ना, तेच येते."

आबाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे काका. एकटे होते, शेजारच्याच घरात राहायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. उमेदीच्या काळात ते झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे प्राम्टर. धान निघालं, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागले की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. नट बाहेरगावाहून दुपारी जीपनं उतरणार, रात्री उभे राहणार आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरं नाटक करणार. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेत वही घेऊन बसलेला प्राम्टर सांगेल ते बोलायचं, अशी रीतच. तीस वर्षं कंदील आणि गॅसबत्तीच्या उजेडात वाचून आबाजींचे डोळे अधू झाले होते. मालिका ते बघत नसत, ऐकत.

आणि मालिका तरी कसली. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. रंगभूमीवर नाव कमावलेल्या दोन थोर बायका त्यात होत्या, म्हणून माझ्या सासूबाईंनी मोठ्या हौसेनं बघायला घेतली. एकीचं काम होतं सासूचं. तिची स्मृती जायची, यायची, परत जायची. दुसरी तिची बहीण, ती मेली होती. मग दिवाळीच्या सुमारास जिवंत होऊन आली आणि कुणी तिला साधं विचारलंही नाही की बाई, तू होतीस कुठे. शेजारच्या कुसुमकाकी भाताची रोवणी चाललेल्या बांधीतून यायच्या, अंगणात चिखलाचे पाय धुवायच्या आणि वैतागायच्या, "तीन दिवस झाले, बाई दारातच उभी हाय. माह्या निम्म्या बांधीची रोवणी झाली, इले उंबरठा ओलांडणं होऊन नाई राहिलं." सासूबाई रोज म्हणायच्या, उद्यापासून बंद. आणि रोज पावणेदोनला चटया टाकायच्या. माझाही जीव जळायचा. इतक्या मोठ्या बायका, आणि त्यांच्या तोंडी हे घालायचं?

शिव्या अर्थातच त्या सासू झालेल्या बाईला पडायच्या. "बुढी झाली आता, काहीबी बोलते," असं कुणी म्हटलं की आबाजी डोळे उघडायचे. "बाईले बोलू नका. बाई खरी हाय. कागद खोटा हाय." कागद म्हणजे लिहून दिलेलं. दुसरीला कुणी नावं ठेवली तर ते ऐकून घ्यायचे. या एका बाईबद्दल मात्र अर्धा शब्द खपत नसे. मला दुसऱ्याच्या मनात काय शिजतंय ते कळल्याशिवाय घास गोड लागत नाही. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते बाई फार वर्सांआधी केशोरीले नाटकात आली होती. आबाजी होते विंगेत. मंग त्याहीनं प्राम्टिंग सोडलं. काऊन, ते मले नाई ठाव."

त्या पावसाळ्यात त्यांनी मला लिहायला बसवलं. आधी सहा पोस्टकार्डं, मालिकेच्या लेखकाला. वाहिनीचा पत्ता पडद्यावर यायचा, तो मी उतरवून घेतला होता. "लेखक महोदय, कालच्या भागात सासू सुनेस जे बोलली ते आठ वाक्यांत होते. ते दोनांत भागते. ती दोन खाली देत आहे." आणि खरं सांगते, आबाजींची दोन वाक्यं अंगावर काटा आणायची. उत्तर एकाचंही आलं नाही. मग एक दिवस म्हणाले, "आता बाईले लिवू. लिव, सप्रेम जयभीम." मी लिहिलं आणि वाट बघत बसले. आबाजींनी खांबाकडे तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "राहू दे. उद्या." असे पुष्कळ उद्या गेले. माझ्या वहीत नुसते जयभीम जमले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सुचत नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "आबाजी, काय ते एकदा सांगून टाका ना." तर म्हणाले, "तिची माफी मांगाची हाय. मरायच्या आंधी." कशाची, ते बोलले नाहीत, आणि त्यांचा चेहरा बघून माझी विचारायची छाती झाली नाही.

पुढच्याच आठवड्यात ते बाहेर पडलं. त्या दुपारच्या भागात सासूची स्मृती चौथ्यांदा गेली होती. मुलगा समोर धडधडीत जेवत बसलेला आणि बाई त्याच्या फोटोला हार घालत होती. ओसरीवर हसण्याचा नुसता कहर. कुसुमकाकी डोळे पुसत म्हणाल्या, "अगा, हे तं केशोरीसारखंच झालं. तवाबी हे बाई अशीच भुलली होती. लेक समोर उभा अन् हे त्याच्या मरणाचं रडून राहिली. आपुन बुडाखालचं धानाचं तणस फेकलं होतं तिच्यावर."

आबाजी खांबाला धरून उठले. म्हणाले, "टीवी बंद करा." सासूबाईंनी केला.

"भुललो मी होतो," आबाजी म्हणाले. "बाई नाई."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. नाटकातलं आईचं एक वाक्य त्यांना आवडलं नव्हतं. दुपारी त्यांनी दुसरं लिहिलं आणि ती चिठ्ठी भाताच्या शितांनी वहीत चिकटवली. शितं ओली होती. पान पुढच्या पानाला चिकटलं. रात्री एक पान उलटताना दोन उलटली. लेक गाव सोडून निघालाय, आईनं त्याला निरोप द्यायचा, तिथं आबाजींनी विंगेतून सांगितला लेक मेल्यावरचा टाहो. बाई त्याच दुपारी गावात आलेली, आजारी नटीच्या जागी. तिनं विश्वासानं ऐकलं तसं म्हटलं. लोक हसले, तणस फेकलं. "तिनं समदं सहन केलं. अन् माह्याकडं एकदाबी पाहिलं नाई," आबाजी म्हणाले. "तोंड धुतलं, जीपमंधी बसली, गेली. इतका राग. अन् मी नाई कोनाले सांगितलं का चूक माही हाय. बाई भुलते, असं समद्या पट्ट्यात झालं. पुन्हा तिले इकडं कोनी बलावलं नाई. मी वही बांधून ठेवली."

कुसुमकाकी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मग त्याच म्हणाल्या, "सूनबाई, पेन आण वं." त्या दिवशी पत्र पुरं व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "केशोरीच्या नाटकात तुमचं एक वाक्य बदलून मी वहीत चिठ्ठी लावली, पानं चिकटली आणि दोन पानं मी उलटली. तुमचं काही चुकलं नव्हतं. हे मी आज गावासमोर सांगितलं. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मला माफ करा." खाली सही आबाजींनी स्वतः केली, वेडीवाकडी. लिफाफ्यावर बाईचं नाव आणि वाहिनीचाच पत्ता. सहा कार्डांची गत पाहिलेली असल्यामुळे मी मनातून आशा सोडली होती.

आबाजींनी मात्र सोडली नव्हती. सायकलची घंटी वाजली की ते खांबापासून मान वळवायचे. पोस्टमन पुढे निघून गेला की "येईल, येईल" म्हणून मलाच समजवायचे. रोवणी आटोपली, लोंब्या भरल्या, आबाजींचं जेवण कमी होत चाललं. मला त्या बाईचा राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

धानकापणी सुरू झाली आणि कार्ड आलं. साधं पोस्टकार्ड, मोठ्या गोल अक्षरातलं. आबाजी म्हणाले, "वाच. हळू वाच." मी वाचलं.

"सप्रेम नमस्कार. चूक कुणाची ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मी विंगेकडे पाहिलं असतं तर लोकांनीही पाहिलं असतं. मला सकाळी निघून जायचं होतं, तुम्हाला त्यांच्यातच राहायचं होतं. चिठ्ठीवरचं ते वाक्य कोणतं होतं, कळवा."

आबाजींनी कार्ड मागून घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, मग अक्षरांवरून नुसतं बोट फिरवलं. "पाह्य सूनबाई," ते म्हणाले, "एक शब्द जास्तीचा नाई." आणि मग म्हातारा माणूस पोरासारखा रडला. वाक्य आम्ही कळवलं. ते काय होतं ते मी इथे सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे. पुढच्या उन्हाळ्यात आबाजी गेले. ते कार्ड त्यांच्या बांधलेल्या वहीत होतं, आता माझ्याकडे गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी आहे.

पण मला आबाजी आठवतात ते कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. दोन वाजले, चटया पडल्या, मालिका लागली. लेखक काही सुधारला नव्हता. बाईची स्मृती परत आली होती आणि ती खिडकीशी उभी राहून आता काहीतरी भयंकर बोलणार, हे लहान पोरांनाही कळत होतं. सगळ्यांनी सवयीनं खांबाकडे पाहिलं. आबाजी डोळे मिटून बसले होते, तोंडही मिटलेलं. कुसुमकाकींना राहवेना. त्या म्हणाल्या, "आबाजी, सांगा ना तिले पुढचं."

आबाजींनी डोळे न उघडताच मान हलवली.

"कायले सांगू?" ते म्हणाले. "तिले ठाव हाय."