कुंकू लागलेला कोड

इंदिरानगरात पप्पांचा फुलांचा गाळा आहे. झेंडू-शेवंती आमच्याच शेतातली. गाळ्यावरचा स्कॅनर आणि पैसे आले की बोलणारा डबा दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बसवून दिला होता. दर सोमवारी ते पप्पांच्या हातात नोटा ठेवत. ‘तुमच्या खात्यातून काढून आणल्या,’ म्हणत. पप्पा त्यांना वर चहा पाजत.

खंडेनवमीला पप्पांनी कात्री, वजनकाटा आणि स्कॅनरचीही पूजा केली. हळद-कुंकू नेमकं कोडवरच. कुणाचाच फोन तो वाचेना, म्हणून मला बोलावलं. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि स्वतः स्कॅन करून पाहिलं. नाव आलं दाजींचं.

म्हणजे दाजी सगळ्यांना दाखवत फिरायचे ते भारी क्रेडिट कार्ड त्यांनी आमची विक्री स्वतःची म्हणून दाखवून मिळवलं होतं. त्यावर खर्च करून मिळालेल्या पॉइंटांवर विमानाने गोव्याला गेले होते. आमच्यासाठी खाऱ्या काजूंचं एक पाकीट आणलं होतं.

पप्पांना सांगितलं. ते हारांचा दोरा गुंडाळायला लागले. “जावयाला तोंडावर कसं बोलायचं?”

दाजींसमोर मी तशीही बोलत नाही. ‘ही कायम सायलेंटवर,’ असं ते चारचौघांत म्हणतात. मी पप्पांच्या फोनवर पप्पांच्याच खात्याचा कोड काढला, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि जुन्यावर चिकटवला.

दसऱ्याला सकाळीच दाजी आले. पैसे आल्याचे मेसेज थांबून आपला फोन गप्प कसा, हे बघायलाच.

“वा! इंग्लिश मिडियमने धंदा हातात घेतला. मेहुणीबाई, माझे पॉइंट बुडवलेत की!” मग पप्पांकडे वळून म्हणाले, “डबा माझ्या खात्याला जोडलाय, तो आता बोलायचा नाही. एवढ्या गर्दीत कोण पैसे न देता जाईल, तुम्हाला कळणारही नाही. काढा तो कागद.”

पप्पांचा हात कागदाकडे गेला.

समोर फुलं घेणाऱ्या बाई म्हणाल्या, “चाळीस पाठवले हो.” पप्पांचा फोन माझ्या हातात होता.

“चाळीस रुपये आले!” मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा नारळवाला वळून बघायला लागला.

पप्पांचा हात परत काट्यावर आला. दाजींनी डबा उपटून काखेत मारला आणि निघून गेले. मी दुपारपर्यंत आकडे ओरडत होते.

संध्याकाळी ताईकडे सोनं द्यायला पप्पा एकटेच गेले. माझा घसा बसला होता. बसला नसता, तरी मी गेले नसते.